हातांची वाट पाहणारे काम

उतारवयात गुडघ्यांची चौकशी घरोघरी होते. कंबरेची होते, डोळ्यांची होते; हातांची मात्र क्वचितच होते. सदऱ्याची गुंडी लागेनाशी झाली की सून किंवा नातू पुढे येऊन ती लावून देतो. डब्याचे झाकण उघडेना की डबा दुसऱ्याच्या हाती जातो. अशा लहानसहान मदतींतून, कोणाच्या लक्षातही न येता, हातांचे काम एकेक करून सुटत जाते आणि वर्षा-दोन वर्षांत तेच हात मांडीवर निवांत पडलेले दिसतात. आपण त्याला विश्रांती म्हणतो. हातांच्या स्नायूंच्या आणि सांध्यांच्या दृष्टीने मात्र ती विश्रांती नसते.

या अंकात हातांविषयी बोलायचे आहे आणि त्यासाठी एका दूरदेशीच्या माणसाचे जीवन आपल्यासमोर ठेवायचे आहे. त्यांचे नाव फ्रँकी यँकोविक. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात सैनिक होते. युद्धानंतर अकॉर्डियनवर पोल्का संगीत वाजवणारे त्यांच्या देशातील सर्वांत नामवंत कलावंत ठरले. या दोन अवस्थांच्या मध्ये एक रुग्णालय होते आणि तेथे त्यांचे हात राहतात की जातात असा प्रश्न उभा राहिला होता. ही कथा सहसा ज्या पद्धतीने सांगितली जाते, ती रुग्णांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना चुकीच्या वाटेने नेऊ शकते. म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

घरातले सूर

यँकोविक यांचा जन्म २८ जुलै १९१५ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील डेव्हिस या गावी झाला. आईवडील स्लोव्हेनियातून पोटापाण्यासाठी अमेरिकेत आलेले. पुढे कुटुंब ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात, कॉलिनवुड या वस्तीत स्थायिक झाले. क्लीव्हलंडमध्ये स्लोव्हेनियन लोकांची वस्ती मोठी होती. कारखान्यांत राबणारी ही माणसे सायंकाळी एकत्र जमत, आपल्या भाषेतील गाणी म्हणत, आणि त्या गाण्यांना साथ असे ती अकॉर्डियनची. घरी भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून हे सूर लहान फ्रँकीच्या कानावर पडले आणि बटणांच्या अकॉर्डियनवर त्याची बोटे फिरू लागली. वाजवून पोट भरत नाही, असे वडिलांचे मत होते. मुलाला पियानोसारख्या पट्ट्यांचे मोठे अकॉर्डियन घेऊन दिले ते आईने.

अकॉर्डियन आपल्याला अगदीच परके नाही. आपल्या पेटीचे ते जवळचे नातलग. दोन्ही वाद्यांत भात्यातून निघालेली हवा धातूच्या पातळ जिभांवरून जाते आणि स्वर उमटतो. सिरिल डेमियन यांनी १८२९ मध्ये व्हिएन्नात ‘अकॉर्डियन’ या नावाने आपल्या वाद्याचे एकस्व घेतले. पॅरिसमध्ये अलेक्झांडर डेबाँ यांनी हार्मोनियमचे घेतले ते १८४० च्या सुमारास. हिंदी चित्रपटसंगीत ऐकत वयाने वाढलेल्या वाचकांच्या कानात हा स्वर पक्का बसलेला आहे. १९६९ च्या ‘आराधना’ या चित्रपटातील ‘रूप तेरा मस्ताना’ या गीतात केर्सी लॉर्ड यांनी वाजवलेले अकॉर्डियन आठवावे, म्हणजे वाद्याची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

पेटी आणि अकॉर्डियन यांत फरक आहे तो हातांच्या कामाचा. पेटी जमिनीवर असते, एक हात भाता ओढतो आणि दुसरा वाजवतो. अकॉर्डियन खांद्यांवर पट्ट्यांनी अडकवलेले असते. उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवर चालतात. डाव्या हाताची बोटे बटणांवर असतात, आणि ती बटणे वादकाला दिसत नाहीत. मोठ्या वाद्यात त्यांची संख्या सामान्यतः १२० असते. ती केवळ स्पर्शाने ओळखायची. शिवाय तोच डावा हात दंडापासून भाता उघडतो आणि मिटतो. असे पूर्ण आकाराचे वाद्य दहा किलोच्या आसपास भरते. म्हणजे अकॉर्डियन वाजवणाऱ्याला बोटांचा वेग, बोटांची स्पर्शशक्ती, दंडाचे बळ आणि खांद्याचा तोल हे सारे एकाच वेळी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे घडले त्याचा अर्थ तिच्याशी बांधलेला आहे.

पोल्का हा मूळचा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशातील नाच. दोन मात्रांच्या ठेक्यावरचा, जोडीने करावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो युरोपभर पसरला आणि स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पोहोचला. प्रत्येक समाजाने त्याला आपले वळण दिले. क्लीव्हलंडच्या स्लोव्हेनियन वळणात अकॉर्डियन आघाडीवर असते. १९४१ पर्यंत यँकोविक यांचा या वर्तुळात जम बसला होता. त्याच वर्षी त्यांनी शहरात स्वतःचे मद्यगृहही सुरू केले, आणि तेथे संगीत चाले.

आर्डेन्सचा हिवाळा

१९४३ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. युरोपला रवाना होण्यापूर्वी रजेवर घरी आले असता त्यांनी अनेक ध्वनिमुद्रणे करून ठेवली. युद्धावर निघालेल्या वादकाने मागे ठेवून जावे असे याहून दुसरे काय असणार?

१६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन सैन्याने बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधील आर्डेन्सच्या जंगलात मोठा हल्ला केला. इतिहासात ही लढाई ‘बॅटल ऑफ द बल्ज’ या नावाने ओळखली जाते. २५ जानेवारी १९४५ पर्यंत ती चालली. तो हिवाळा अतिशय कडक होता. बर्फात खणलेल्या खड्ड्यांत, ओल्या बुटांत, दिवसच्या दिवस उभ्या असलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना शत्रूच्या गोळीने नव्हे तर थंडीने जायबंदी केले. यँकोविक त्यांच्यापैकीच एक. त्यांच्या हातांना आणि पायांना तीव्र हिमदंश झाला, गँग्रीनची लक्षणे दिसू लागली आणि हात व पाय कापण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला.

हिमदंश म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. अतिथंडीत शरीर आपली ऊब हृदय, फुप्फुसे आणि मेंदू यांच्यासाठी राखून ठेवते आणि बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. बोटांतील पाण्याचे बर्फाचे कण बनतात, पेशी फाटतात. ऊब मिळाल्यावरही संकट संपत नाही, कारण दुखावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि रक्त पुढे जात नाही. त्वचा प्रथम पांढरी, मेणासारखी दिसते, पुढे फोड येतात, मग ती काळवंडते.

यँकोविक यांनी हात-पाय कापू देण्यास नकार दिला. पुढे गँग्रीन आटोक्यात आले, हात आणि पाय वाचले आणि बोटे पुन्हा चालू लागली. त्यानंतर सैन्यातच ते एका लहान वाद्यवृंदासह आपल्या सहकारी सैनिकांसाठी वाजवू लागले.

कथेचा सावधपणे घ्यावयाचा अर्थ

येथे क्षणभर थांबावे अशी माझी आपणांस विनंती आहे. ‘डॉक्टर कापा म्हणाले, त्याने ऐकले नाही, म्हणून हात वाचले’ असा या कथेचा सोपा अर्थ निघतो. आपल्याकडेही अशा कथा कमी नाहीत. कुणाचे तरी काका असतात, त्यांचा पाय कापायचा ठरलेला असतो, मग ते रुग्णालयातून निघून येतात आणि पुढे वीस वर्षे जगतात. ज्यांच्या घरी आज मधुमेही वडिलांच्या पायाचा अंगठा काळा पडला आहे, त्यांना या कथा सांगणारे नातेवाईक हमखास भेटतात. जे निघून आले आणि वाचले नाहीत, त्यांच्या कथा मात्र कोणी सांगत नाही.

हिमदंशाच्या बाबतीत थांबण्याला शास्त्रीय आधार आहे. काळी पडलेली सारी त्वचा मेलेलीच असते असे नाही. वरचा थर काळा पडतो आणि खाली जिवंत भाग असू शकतो. जिवंत आणि मृत भाग यांमधील सीमारेषा स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे, कधी एक ते तीन महिनेही लागतात. म्हणूनच शल्यचिकित्सकांमध्ये एक जुना दंडक आहे, जानेवारीत गोठलेला अवयव जुलैत कापावा. संसर्ग नसेल तर आजही सर्वसाधारण धोरण घाई न करण्याचेच असते. पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत रुग्ण योग्य ठिकाणी पोहोचला, तर गुठळ्या विरघळवणारी आणि रक्तवाहिन्या रुंद करणारी औषधेही देता येतात. याचा अर्थ असा की यँकोविक यांच्या निर्धाराने जे साधले, त्यात त्या विशिष्ट आजाराच्या स्वभावाचाही वाटा होता. शरीराला वेळ मिळाला आणि संसर्ग आटोक्यात राहिला.

मधुमेहातील पायाचे गँग्रीन हे वेगळे प्रकरण आहे. तेथे रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे अरुंद होत आलेल्या असतात, संवेदना गेलेली असते आणि साखरेमुळे जंतूंना बळ मिळते. पाय ओला, सुजलेला, दुर्गंधी येणारा असेल, लाली वर सरकत असेल, ताप किंवा गुंगी येत असेल, तर काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. अशा वेळी ‘थोडे थांबून पाहू’ हा निर्णय घरच्यांनी घ्यावयाचा नसतो. कोरडे, मर्यादित गँग्रीन असेल तर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगू शकतात. पण तो निर्णय त्यांनी तपासून घ्यावयाचा असतो.

मग घरच्यांच्या हाती काय उरते? प्रश्न विचारणे उरते, आणि ते फार मोलाचे आहे. शल्यचिकित्सकांना शांतपणे पुढील गोष्टी विचाराव्यात. संसर्ग आहे का, आणि तो किती पसरला आहे? पायाकडे रक्त किती पोहोचते याची तपासणी झाली आहे का? रक्तवाहिनी मोकळी करण्याचा उपाय येथे लागू पडेल का? थांबलो तर धोका कोणता, आणि किती दिवस थांबता येईल? दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यायला वेळ आहे का? शस्त्रक्रिया झाली तर नेमका किती भाग जाईल, आणि पुढे चालण्याची काय व्यवस्था होईल? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर दिलेला होकार किंवा नकार हा विचारपूर्वक दिलेला असतो. आणि रुग्ण शुद्धीत असेल, समजून घेऊ शकत असेल, तर हे बोलणे त्याच्यासमोर व्हावे. पाय त्याचा आहे.

आणि अवयव गमावावा लागला, तर तेथेही जीवन संपत नाही. पुण्याचे सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, म्हणजे आर्डेन्सची लढाई सुरू झाली त्याच वर्षापासून, अवयव गमावलेल्या जवानांना पुन्हा उभे करीत आले आहे. वेळेवर केलेली शस्त्रक्रिया म्हणजे हार, असे रुग्णाच्या मनात भरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

जाता जाता हिमालयातील यात्रांना निघणाऱ्या ज्येष्ठांसाठी एक सूचना. बोटे बधिर आणि पांढरी पडली तर ती चोळू नयेत, बर्फ तर मुळीच चोळू नये. शेकोटीजवळ किंवा हीटरजवळ धरू नयेत; बधिर त्वचेला भाजलेले कळत नाही. ओले मोजे काढावेत, कोरड्या उबदार वस्त्रात हात लपेटावेत आणि वैद्यकीय मदत गाठावी. पुन्हा गारठण्याची भीती नसेल तरच सुमारे ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे निरोगी माणसाच्या कोपराला सोसवेल अशा कोमट पाण्यात बोटे बुडवावीत.

हातांना काम होते

आता या कथेतील जो भाग आपणा सर्वांच्या उपयोगाचा आहे, त्याकडे येऊ. हात वाचणे आणि हात चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमदंशातून वाचलेली बोटे ताठर होतात, गार हवेत ठणकतात, स्पर्श मंदावतो. पुढे सांधेही दुखू लागतात. पक्षाघातातून, मनगटाच्या अस्थिभंगातून किंवा संधिवाताच्या मोठ्या चढावातून उठलेल्या हातांचीही अवस्था याहून फार निराळी नसते. त्यानंतर हात किती परत मिळेल, हे पुष्कळसे त्या हाताला रोज काय करायला मिळते यावर अवलंबून असते.

यँकोविक यांच्या बोटांची वाट पाहणारे काम होते. लहानपणापासून ओळखीचे, शेकडो वेळा केलेले, ऐकणाऱ्याला आनंद देणारे काम. चूक झाली तर कान लगेच सांगणार, जमले तर समोरची माणसे ताल धरणार. हाताचा व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबणाऱ्या रुग्णाला असे काही मिळत नाही. म्हणून चेंडू आठवड्याभरात कपाटात जातो.

युद्ध संपल्यावर यँकोविक यांनी जे केले ते साऱ्या अमेरिकेने पाहिले. १९४६ मध्ये ‘कोलंबिया’ या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी त्यांचा करार झाला. १९४८ च्या सुमारास ‘जस्ट बिकॉज’ या गीताच्या तबकड्या दहा लाखांवर खपल्या. पुढच्याच वर्षी ‘ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ’नेही तेवढीच मजल मारली. स्लोव्हेनियन गाण्यांना इंग्रजी शब्द देऊन त्यांनी वस्तीतले संगीत देशभर नेले. १९४८ मध्ये मिलवॉकी शहरात त्यांना ‘अमेरिकेचा पोल्का-सम्राट’ हा किताब मिळाला आणि तो जन्मभर त्यांच्या नावाला चिकटला. पुढची कित्येक दशके ते मोटारीने गावोगाव हिंडत वाजवीत राहिले. संगीतक्षेत्रातील प्रतिष्ठेच्या ‘ग्रॅमी’ पुरस्कारात पोल्कासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा १९८६ चा पहिला मान त्यांनाच मिळाला. त्या वेळी त्यांचे वय ७० होते. १४ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्लोरिडा राज्यात त्यांचे निधन झाले.

जे हात १९४५ च्या हिवाळ्यात कापायचे होते, ते त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे वाजत राहिले.

संशोधन काय सांगते

एका माणसाच्या जीवनावरून नियम काढू नये, हे खरे. म्हणून अभ्यासांकडे वळू. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतील सुमारे १,४०,००० प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या देशांत भारतही होता. हाताच्या पकडीची ताकद दर ५ किलोने कमी असेल, तर त्या काळात मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ चेंडू दाबल्याने आयुष्य वाढते असा नव्हे. पकड ही साऱ्या शरीराच्या बळाची खूण आहे. ती उतरू लागली तर आहारातील प्रथिने, चालणे, जुने आजार यांकडे लक्ष द्यावे, एवढा इशारा त्यातून घ्यावा.

न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा पाठपुरावा करणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत नियमित रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. येथेही कारण आणि परिणाम यांची सांगड निश्चित झालेली नाही. ज्यांचा मेंदू आधीच कमकुवत होत होता, त्यांनीच छंद सोडले असेही असू शकते. तरी वादन आणि नृत्य दोन्ही त्या यादीत आहेत, हे नोंदवण्यासारखे आहे.

पक्षाघातानंतरच्या हातासाठी जर्मनीतील संशोधकांनी पियानोच्या पट्ट्या आणि ढोलाच्या गाद्या वापरून शिकवण्याची पद्धत तयार केली. रुग्ण सोप्या सुरावटी वाजवतो आणि बोटाची प्रत्येक हालचाल त्याला कानाने कळते. तिचे निष्कर्ष आशादायक आहेत. ही पद्धत नेहमीच्या भौतिकोपचाराच्या जागी नव्हे, तर त्याच्या जोडीने वापरायची असते.

आपल्या घरी

दहा किलोचे अकॉर्डियन खांद्यावर घ्या, असे कोणाही ज्येष्ठाला मी सुचवणार नाही. पाठीच्या मणक्यांची झीज किंवा अस्थिविरलता असणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. पण पूर्वी वाजवलेली पेटी माळ्यावर असेल तर ती खाली काढावी, टाळ असतील तर ते हाती द्यावेत. जमिनीवर बसवत नसेल तर पेटी मेजावर ठेवावी आणि खुर्चीत बसून वाजवावी. प्रारंभी दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे पुरेत.

ज्यांनी वाद्याला कधी हात लावला नाही, त्यांच्यासाठीही कामे आहेत, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात व देवघरातच आहेत. कापसाच्या वाती वळताना अंगठा आणि तर्जनी यांची सूक्ष्म हालचाल होते. मटार सोलताना चिमटीचे बळ लागते. मोगऱ्याचा गजरा गुंफताना दोन्ही हात आणि डोळे यांचा मेळ बसतो. कणीक मळताना तळहात, मनगट आणि खांदा काम करतात. पत्ते पिसणे, मुलांच्या वह्यांना वेष्टणे घालणे, बागेतली माती मोकळी करणे ही सारी हातांची कामे आहेत. त्यांतले निवडावे ते असे की ज्याची घरात खरोखर गरज आहे. ‘आजी, आज संध्याकाळच्या वाती तुम्हीच वळायच्या’ असे म्हटले आणि त्याच वाती निरांजनात लागल्या, तर दुसऱ्या दिवशी आठवण करावी लागत नाही.

सेवा करणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. मदत करण्यापूर्वी थोडे थांबावे. गुंडी लावायला बाबांना चार मिनिटे लागत असतील, तर सकाळी चार मिनिटे लवकर उठवावे. गुंडी मात्र त्यांची त्यांना लावू द्यावी. फारच अवघड जात असेल तर मोठी गुंडी, जाड मुठीचा चमचा, घसरू नये म्हणून डब्याखाली ओले फडके, असे उपाय करावेत. व्यवसायोपचारतज्ज्ञ या बाबतीत उत्तम मार्गदर्शन करतात. त्यांची भेट एकदा तरी घ्यावी.

आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, निवृत्त सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. या मंडळींना ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला सहसा रुचत नाही. त्यांचे सारे आयुष्य नेमून दिलेल्या कामावर चाललेले असते. सेवा संपली, पुढे शेतीही मुलांकडे गेली, की हातांबरोबर मनही रिकामे होते. काही जण गप्प होतात, काही चिडचिडे. त्यांना वेळ ठरवून काम द्यावे आणि त्या कामाची जबाबदारी पूर्णपणे त्यांची असावी. तरुणपणी कोणी बँडपथकात बिगुल किंवा ढोल वाजवला असेल, कोणी भजनात मृदंगाची साथ केली असेल. ते विचारून पाहावे. कधी कधी घरातल्या कोणालाच ते ठाऊक नसते. एखाद्या सैनिकाच्या मनात युद्धाच्या आठवणी रात्री जाग्या होत असतील, झोप उडत असेल, तर मात्र संगीतावर भिस्त न ठेवता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही.

काम सुरू करताना काही पथ्ये पाळावीत. सकाळी बोटे ताठरलेली असतील तर आधी कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवावीत. मधुमेहामुळे संवेदना कमी असेल तर पाण्याची ऊब दुसऱ्याने पाहावी. काम करताना हलका ताण जाणवला तर चालेल. पण ठणका लागला आणि तो दोन तासांनंतरही टिकला, तर दुसऱ्या दिवशी काम निम्मे करावे. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्याला विसावा द्यावा.

आणि पुढील लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. एका हातातील बळ अचानक गेले, त्याबरोबर तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. तत्काळ रुग्णालय गाठावे. बोट अचानक पांढरे, निळे किंवा काळे पडले आणि गार लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, बोट वाकवल्यावर अडकत असेल, हातातून वस्तू वारंवार निसटत असतील, तर या तक्रारींवर उपचार आहेत. ‘वयाचे आहे’ म्हणून त्या सोसत बसू नयेत.

पुढचा अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. या पंधरा दिवसांत आपल्या घरातील ज्येष्ठांच्या हातांकडे एकदा नीट पाहावे. कोणते काम ते पूर्वी करीत आणि आता करीत नाहीत, याची यादी करावी. त्यांतले एक काम त्यांना विचारून परत द्यावे, आणि ते होत असताना शेजारी बसावे, पण हात पुढे करू नये.